फाटकाच्या आत कायदा, फाटकाबाहेर दैव

कन्हान येथील एखाद्या मनुष्यास अपघाताने मृत्यू आला, तर त्या मृत्यूपासून इतरांनी काही शिकावयाचे की नाही, हे तो मृत्यू कोणत्या जागी आला यावरून ठरते. कोळशाच्या खाणीत छत कोसळून मजूर दगावला, तर त्याची वर्दी ताबडतोब वरपर्यंत पोचवावी लागते. ती जागा कोणास हलविता येत नाही. तपासनीस येतो, कारण शोधतो, आणि तेच कारण पुन्हा घडू नये म्हणून हुकूम सोडतो. तोच मजूर पाळी संपवून खाणीच्या फाटकाबाहेर पडला आणि हमरस्त्याच्या कडेला ट्रकखाली सापडला, तर पोलीस पंचनामा करतात, शव नातलगांच्या ताब्यात देतात, चालकावर खटला भरतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वळणावरून त्याच वेगाने ट्रक धावू लागतात. मनुष्य तोच, त्याची विधवा तीच, पोरकी झालेली मुलेही तीच. फरक एवढाच, की फाटकाच्या आत त्याचा मृत्यू हा कायद्याचा विषय होता आणि फाटकाबाहेर तो दैवाचा विषय झाला. हा भेद न्यायाचा नाही आणि शहाणपणाचाही नाही, हे आज आम्हांस आमच्या वाचकांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम या गावची परिस्थिती पाहू. कन्हान हे गाव त्याच नावाच्या नदीच्या काठी, कामठीच्या छावणीसमोर पैलतीरावर वसलेले आहे. नागपुराहून जबलपुराकडे जाणारा जुना हमरस्ता नदी ओलांडून या वस्तीत शिरतो. मुंबई-हावडा लोहमार्ग येथूनच जातो व रामटेकचा फाटाही येथूनच फुटतो. भोवती वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या वेकोलिच्या, कामठी, इंदर, गोंडेगाव इत्यादी खाणी आहेत. उत्तरेस मनसर-कांद्रीचा मँगनीजचा पट्टा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून खणला जात आहे. सारांश, नदी, रेल्वे, हमरस्ता आणि खाण ही चार साधने, ज्यांवर या मुलखाची भरभराट झाली, ती येथे एका हाकेच्या अंतरात एकवटली आहेत. जेथे पोट भरण्याची साधने इतकी दाट, तेथे जीव जाण्याची ठिकाणेही तितकीच दाट असावयाची. म्हणूनच या प्रश्नाचा विचार करावयास कन्हानसारखे गाव दुसरे क्वचितच सापडेल.

खाणीच्या आतला कायदा काही आकाशातून पडलेला नाही. तो प्रेतांच्या राशीवरून चालत आलेला आहे. हिंदुस्थानात खाणींचा पहिला कायदा १९०१ साली झाला व त्याच्या अंमलबजावणीकरिता १९०२ च्या जानेवारीत कलकत्त्यास तपासणीची कचेरी निघाली. पुढे १९२३ चा कायदा आला. स्वराज्य आल्यावर १९५२ चा आला. आणि त्याची जागा घेणारी कामगार-सुरक्षेची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. १९५४ च्या १० डिसेंबर रोजी पेंच खोऱ्यातील न्यूटन-चिखली खाणीत पाणी शिरून ६३ मजूर प्राणास मुकले. त्या वेळी तो मुलूख आणि आमचे नागपूर एकाच मध्य प्रदेश राज्यात होते, आणि त्या राज्याची राजधानी नागपूरच होती. पेंच नदी पुढे येऊन मिळते ती या कन्हान नदीलाच. खाणीत पाणी शिरणे म्हणजे काय, हे या खोऱ्यातील लोकांस कोणी दुरून सांगावयास नको.

१९५२ च्या कायद्याचे तेविसावे कलम प्रत्येक नागरिकाने एकदा वाचावे असे होते. त्यात काय सांगितले होते? खाणीत प्राणहानी झाली की व्यवस्थापकाने तत्काळ वर्दी द्यावी. त्या वर्दीची एक प्रत फलकावर, कामगार संघाच्या लोकांस वाचता येईल अशा जागी, निदान चौदा दिवस लावून ठेवावी. आणखी धोका टाळणे, प्रेत काढणे यांसारखे कारण असल्याखेरीज अपघाताच्या जागेत फेरफार करू नये. आणि वर्दी पोचल्यापासून दोन महिन्यांच्या आत चौकशी व्हावी. याशिवाय १९५५ च्या खाण-नियमांत पुढे भर घालून अशी तरतूद केली गेली, की शंभरांहून अधिक माणसे ज्या खाणीत काम करतात तेथे सुरक्षा समिती असावी व तीत कामगारांचे प्रतिनिधी असावेत. म्हणजे वर्दी, फलक, चौकशी आणि समिती अशा चार खांबांवर ही व्यवस्था उभी राहिली. यांपैकी एकाही खांबास मोठा पैसा लागत नाही, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

या व्यवस्थेचे फळ काय? सरकारी खाण-सुरक्षा खात्याच्या आकड्यांवरून दिसते, की १९३१ ते १९४० या दशकात कोळशाच्या खाणींत दर हजार कामगारांमागे वर्षाकाठी सरासरी १.३३ माणसे मरत असत; १९९१ ते २००० या दशकात हेच प्रमाण ०.३३ वर आले. चौपटीचे एकपट झाले. यात नव्या यंत्रांचा, खुल्या खाणींचा व राष्ट्रीयीकरणाचा वाटा आहे, हे आम्हांस मान्य आहे. खाणींत आता सारे आलबेल आहे असेही आमचे म्हणणे नाही. ठेकेदाराच्या हाताखालील मजुराची स्थिती पाहिली म्हणजे या कायद्याची सावली सर्वांवर सारखी पडत नाही, हे उघड होते. तथापि, ज्या देशात माणसाच्या जिवाची किंमत कवडीमोल समजली जाते असा आक्षेप आपण नित्य ऐकतो, त्याच देशातील मजुरांनी व अधिकाऱ्यांनी जमिनीच्या पोटातील मृत्यूसही मागे रेटता येते, हे सिद्ध करून दाखविले आहे.

आता फाटकाबाहेर या. १६ जून २०२४ रोजी कन्हान नदीच्या पुलावर खासगी बस व ऑटोरिक्षा यांची टक्कर होऊन कामठीच्या छावणीतील दोन जवान मृत्यू पावले व अनेक जखमी झाले. सीमेवर नव्हे, लढाईत नव्हे, बाजारहाटासाठी निघालेल्या रिक्षात. त्यापूर्वी, सप्टेंबर २०२१ मध्ये, कामठीनजीकच्या दर्ग्यास यवतमाळ जिल्ह्यातून आलेले पाच तरुण या नदीत स्नानास उतरले ते परत आले नाहीत. अशा वार्ता आल्या की गाव हळहळते, वर्तमानपत्रांत दोन दिवस मजकूर येतो, पुढारी सांत्वनास जातात. या प्रत्येक गोष्टीत खरी माणुसकी आहे. तिची थट्टा करावयाची नाही. परंतु आमचा प्रश्न निराळा आहे. त्या पुलाविषयी व त्या घाटाविषयी चौकशीत काय निष्पन्न झाले आणि त्यावरून काय बदलावयाचे ठरले, हे कन्हानच्या रहिवाशास गावातील कोणत्या फलकावर वाचावयास मिळते?

कोणी म्हणेल, पोलीस तपास करतातच. होय, करतात; पण कायद्याने त्यांस कोणता प्रश्न विचारावयास सांगितले आहे ते पाहा. आकस्मिक मृत्यूचा पंचनामा पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ व्या कलमाखाली होत असे. आता तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ व्या कलमाखाली होतो. त्याचा हेतू मृत्यूचे दर्शनी कारण नोंदविणे एवढाच आहे. खटल्यात न्यायाधीशापुढे प्रश्न असतो, गुन्हा कोणाचा? नुकसानभरपाईच्या न्यायाधिकरणापुढे प्रश्न असतो, पैसे कोणी व किती द्यावयाचे? हे तिन्ही प्रश्न आवश्यक आहेत. आमचा अर्धा जन्म अशाच प्रश्नांच्या मागे कोर्टाच्या पायऱ्या झिजविण्यात गेला आहे. पण हे तिन्ही प्रश्न मागे पाहणारे आहेत. पुढचा मनुष्य येथेच मरू नये म्हणून काय करावे, हा चौथा प्रश्न विचारण्याची सक्ती फाटकाबाहेर त्या नेमाने कोणावरच नाही. आणि जे काम कोणाचेच नसते, ते होत नाही, हा जगाचा अनुभव आहे.

या ठिकाणी दोन आक्षेप हमखास येतात. पहिला दैववाद्यांचा. आयुष्याची दोरी तुटली, त्यास कोण काय करणार, असे ते म्हणतात. त्यांस आमचे एवढेच विचारणे आहे, की दैव जर सर्वत्र सारखे, तर ते खाणीत चौपटीने नरमले कसे? छतास टेकू दिल्यावर जे दैव मागे सरते, ते दैव नसून टेकूचा अभाव होता, असेच म्हटले पाहिजे. देवी आणि पटकी यांसही आपले पूर्वज कोपच समजत होते. लस व स्वच्छ पाणी यांपुढे तो कोप टिकला नाही. ब्रिटिश मेडिकल जर्नलने २००१ साली आपल्या पानांवर ‘अपघात’ हा शब्दच शक्यतो वापरावयाचा नाही असे ठरविले. कारण या शब्दात अनपेक्षितपणा व अटळपणा गृहीत धरलेला असतो, आणि बहुतेक इजा तर अपेक्षितही असतात आणि टाळण्याजोग्याही असतात. वाळू उपसून पात्रात जेथे डोह पडले आहेत, तेथे पोहता न येणारा मुलगा उतरला तर काय होईल, हे सांगावयास ज्योतिषी लागत नाही.

दुसरा आक्षेप सुशिक्षितांचा, आणि म्हणून अधिक घातक. ते म्हणतात, लोक बेपर्वा आहेत. शिरस्त्राण घालीत नाहीत, मना केलेल्या ठिकाणी पाण्यात उतरतात. मग मरतील नाही तर काय? बेपर्वाई आहे, यात शंका नाही. २०२२ साली देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्यांपैकी ५०,०२९ माणसे शिरस्त्राण न घातलेली होती, असे केंद्र सरकारचेच आकडे सांगतात. शिरस्त्राण न घालणाऱ्याची भीड आम्ही मुळीच धरीत नाही. मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम त्याच्याच रक्षणासाठी आहे. परंतु खाणीतला मजूर काय निराळ्या मातीचा असतो? तोही थकतो, विसरतो, घाई करतो. खाणीचा कायदा हे जाणतो. म्हणून केवळ ‘सावध राहा’ अशी पाटी लावून तो स्वस्थ बसत नाही. तो टेकू, कुंपण व वायुवीजन यांची सक्ती करतो. मनुष्याकडून चूक होणारच. त्या चुकीस मृत्यूची शिक्षा होणार नाही अशी जागा बनविणे, हेच सुरक्षेचे मर्म आहे. बेपर्वा ठरवून मेलेल्यास दोष देणे सोपे असते, कारण मेलेला उत्तर देत नाही.

एखादे लहान गाव स्वतः हे करू शकते काय? शकते. स्वीडन देशात फाल्शपिंग नावाचे सुमारे तीस हजार वस्तीचे ठिकाण आहे. तेथील लोकांनी १९७८ साली प्रथम काय केले, तर मोजले. इस्पितळात व दवाखान्यांत येणाऱ्या प्रत्येक जखमी माणसाची जखम कोठे, केव्हा, कशाने झाली, याची त्यांनी वही घातली. मग त्या वहीवरून घर, रस्ता व कारखाना या तिन्ही ठिकाणी शिक्षक, परिचारिका, कारखानदार, पालक यांस हाताशी धरून उपाय केले. पहिल्या तीन वर्षांत जखमांचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने उतरले. पुढे उत्साह ओसरला, काम मंदावले, आणि प्रमाण पुन्हा चढले. या दुसऱ्या वाक्यातला धडा पहिल्यापेक्षा मोठा आहे. कारण तो असा, की सुरक्षा ही एकदा भरवावयाची जत्रा नसून रोज घालावयाचा सडा आहे. फाल्शपिंगच्या अनुभवातूनच ‘सुरक्षित समाज’ ही कल्पना जगभर पसरली व १९८९ साली स्टॉकहोम येथील परिषदेत तिचा जाहीरनामा निघाला.

कोणी असेही म्हणेल, की हे स्वीडनचे कौतुक आम्हांस कशाला? आम्हीही परक्याची री ओढणारांपैकी नव्हे. पण ही कल्पना आपल्याला परकी नाही. १८८४ साली, हिंदुस्थानात कामगारांच्या कायद्याचा नुकता आरंभ झाला असता, नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतील गिरणी कामगारांची सभा भरविली. तिने केलेल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांच्या अर्जात आठवड्याची सुटी व दुपारची विश्रांती यांच्याबरोबर ही मागणी होती, की कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार मिळावा व कायमचा पंगू झाल्यास त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी. त्या काळी आपल्यातील कित्येक राष्ट्रीय पुढारी कारखान्यांच्या कायद्यास लँकेशायरचा कावा म्हणून विरोध करीत होते. लँकेशायरच्या हेतूविषयीचा त्यांचा संशय निराधार नव्हता. पण मजुराच्या तुटलेल्या बोटाचे दुःख लँकेशायरला नव्हते म्हणून ते खोटे ठरत नव्हते. लोखंड्यांनी ते दुःख आपले म्हणून मांडले. मजुरांच्या नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला. म्हणजे मुंबईच्या मजुरांना सुचलेली गोष्ट सरकारला सुचावयास एकोणचाळीस वर्षे लागली. तेव्हा या विचाराचे बीज आमच्याच मातीतले आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

मग कन्हानने करावे काय? आमची सूचना साधी आहे. खाणीच्या फाटकाच्या आत जे चार खांब आहेत, तेच गावात उभे करावे. पहिला खांब वर्दीचा. कन्हान-पिपरी नगरपरिषदेने जखमांची एक वही घालावी. पोलीस ठाणे, सरकारी दवाखाने, खासगी डॉक्टर, रेल्वे व खाणी यांजकडून दर आठवड्यास तीत नोंद यावी. नावे नकोत, जागा, वेळ आणि कारण एवढे पुरे. दुसरा खांब फलकाचा. नगरपरिषदेच्या दारात, बाजारात व शाळांत या नोंदी चौदा दिवस लावाव्या. कोणत्या चौकात महिन्यात किती माणसे पडली हे पोरासोरांनाही कळू लागले, म्हणजे तो चौक सुधारण्यास कारभाऱ्यांना फार दिवस लागणार नाहीत. तिसरा खांब चौकशीचा. प्रत्येक मृत्यूनंतर दोन महिन्यांच्या आत, दोष कोणाचा हे न विचारता, जागेत काय बदलावयाचे एवढेच विचारणारी उघड बैठक व्हावी. चौथा खांब समितीचा. आणि तीत केवळ पुढारी नकोत.

ही समिती माणसांवाचून अडेल असे कोणी समजू नये. नदीत कोणी बुडाला की आधी हाक जाते ती ढीवरांना. नदीचा प्रत्येक डोह त्यांस पाठ आहे. त्यांस समितीत मानाने बसवावे, घाटांवर दोर व तरंगते टायर ठेवण्याचे काम मानधनासह त्यांच्याकडे द्यावे, आणि कोणत्या घाटावर उतरावयाचे नाही हे त्यांच्या तोंडून ऐकावे. खाणीतून निवृत्त झालेल्या, बचावाचे व प्रथमोपचाराचे शिक्षण घेतलेल्या माणसांनी शाळांतून मुलांस ते शिकवावे. कामठीच्या छावणीचे माजी सैनिक आहेत. ऑटोरिक्षाचालक आहेत, जखमीस बहुधा तेच प्रथम पाहतात. जखमीस सद्‌बुद्धीने मदत करणाऱ्यास कोर्टकचेरीचा जाच होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मार्गदर्शक नियमांस मान्यता दिली, व २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम घातले गेले. हे कलम प्रत्येक रिक्षाच्या पाठीवर मराठीत लिहिले, तर ‘नसती बिलामत गळ्यात कशाला’ म्हणून रस्त्यात पडलेल्या माणसास ओलांडून जाणारे पाय थांबतील.

राहता राहिला पैशाचा व अधिकाराचा प्रश्न. वही, फलक, बैठक व समिती यांस मोठा पैसा लागत नाही, हे वर दाखविलेच आहे. जेथे कठडा, गतिरोधक, दिवा किंवा कुंपण लागेल, तेथे पैसा लागेल. पण तेव्हा मागणी भावनेची राहणार नाही, ती आकड्यांची होईल. आणि आकड्यांसह आलेला अर्ज फेटाळणे हमरस्त्याच्या अधिकाऱ्यांसही जड जाते, खाणीच्या मालकांसही जड जाते. अधिकाराविषयी म्हणाल, तर १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद कायद्याच्या ४९ व्या कलमात धोक्याच्या इमारती व जागा सुरक्षित करणे वा दूर करणे हे नगरपरिषदेच्या आवश्यक कर्तव्यांतच मोडते. धोक्याची जागा म्हणजे पडका वाडा तेवढाच, आणि माणसे गिळणारा घाट वा पाण्याने भरलेली टाकून दिलेली खाण म्हणजे नव्हे, असा अर्थ कोणता न्यायाधीश करील? आणि गावाने समिती नेमून आपला कारभार सुधारावा ही रीत महाराष्ट्रास नवी नाही. गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छतेचे अभियान २०००-०१ पासून सुरू झाले. तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झाली. जे गाव आपला कचरा उचलू शकते आणि आपले भांडण चावडीवर मिटवू शकते, त्याला आपल्या जखमा मोजता येऊ नयेत काय?

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. परके राज्य होते तेव्हा माणसे मेली की आपण सरकारास दोष देत होतो, आणि तो बहुधा योग्यही असे. आज नगरपरिषद आपली, विधिमंडळ आपले, खाणीही राष्ट्राच्या मालकीच्या. आता बोट दाखवावयास समुद्रापलीकडचा धनी उरला नाही. माणसाचा जीव जावा लागल्याखेरीज ज्या समाजास जाग येत नाही, तो मागासलेला. पण जीव गेल्यावरही ज्यास काही शिकावेसे वाटत नाही, त्यास स्वराज्याचा अर्थच अजून कळला नाही, असे म्हणणे भाग आहे. कन्हानच्या खाणींतील मजुरांनी जमिनीखाली जो कायदा आपल्या रक्ताने मिळविला, तो जमिनीवर आणण्यास आता दिरंगाई नको. नगरपरिषदेने आपल्या पुढच्याच सभेत ही वही घालण्याचा ठराव आणावा, आणि तो न आल्यास तो का आला नाही, हे नागरिकांनी प्रत्येक सभासदास त्याच्या दारात जाऊन विचारावे.